पाचव्या ओळीतलं दुसरं रोप

“सर, रद्दी मिळेल का थोडी? एकशेऐंशी टोप्या करायच्यात.”

बागेच्या बाई काउंटरपाशी उभ्या होत्या. कोपरापर्यंत माती, कपाळावर एक मातीचंच बोट. ग्रंथपालांनी नोंदवहीतून मान वर केली. दुपारचे चार वाजले होते. वाचनालयातले तिन्ही पंखे गरगरत होते आणि खिडकीजवळच्या एका पेन्शनर वाचकांनी स्वेटर काढून खुर्चीच्या पाठीला लटकवला होता.

“टोप्या? कोणाला?”

“रोपांना. आज रात्री थंडी पडणार.”

“थंडी?” पेन्शनर वर्तमानपत्राआडून म्हणाले. “अहो बाई, मला इथे घाम फुटलाय!”

“फुटू द्या. जाताना स्वेटर तेवढा विसरू नका.”

पेन्शनर हसले. वाचनालयात बाईंना त्यांच्या माघारी सगळे ‘वेधशाळा’ म्हणत. चेष्टेनं म्हणत, पण त्यांनी सांगितलं की निमूटपणे छत्री घेऊन येत. बाई आकाशाकडे क्वचितच बघायच्या. सकाळी आल्या आल्या मातीत हात खुपसून दोन मिनिटं गप्प बसायच्या, आजाऱ्याची नाडी बघावी तशा, आणि मग जे सांगायचं ते सांगायच्या. ग्रंथपालांना याचं फार नवल वाटे. त्यांना स्वतःला पुस्तकात छापलेल्या गोष्टीचीसुद्धा तीन ठिकाणी पाहिल्याशिवाय खात्री वाटत नसे.

त्या वर्षी हिवाळ्यानं सगळ्यांचाच पिच्छा पुरवला होता. निरोप घेऊन दारापर्यंत गेलेला पाहुणा चपला घालता घालता काहीतरी आठवून पुन्हा आत येऊन बसावा, तसं त्याचं चाललं होतं. बाईंनी झिनियाचं बी पहिल्यांदा पेरलं, कोंब वर आले आणि थंडी परतली. बाईंनी चहाच्या खोलीतले झाडून सगळे काचेचे पेले नेऊन कोंबांवर पालथे घातले. थंडीपासून कोंब वाचले. पण दुसऱ्या दिवशी असं काही ऊन तापलं की पेल्यांखाली त्यांची भाजी झाली. दुसऱ्यांदा पेरलं तर अवेळी गारा पडल्या. आता ही तिसरी पेरणी होती आणि शेवटचीही, कारण बाईंनी गेल्या वर्षीच्या फुलांतून स्वतः धरून ठेवलेलं बी संपलं होतं.

आणि यावेळी रोपं जाऊन चालणार नव्हतं. चिटणिसांच्या डोक्यात वाचनालयाच्या अंगणात फरशी घालून गाड्या लावण्याची सोय करायचं कधीचं घोळत होतं. “तीन महिने नुसती माती बघतोय आम्ही,” असं ते प्रत्येक सभेत म्हणत. उद्या संध्याकाळी कार्यकारिणीची बैठक होती. अंगणात काही उगवलेलं दिसलं तर बाग, नाहीतर फरशी. अध्यक्षाबाईंची सही तेवढी बाकी होती. बाग गेली की बाईंचं कामही गेलं, हे कोणी बोललं नव्हतं, पण ते सांगावं लागतं असंही नाही.

ग्रंथपालांनी खणातून किल्ली काढली. “मागच्या खोलीत दोन मांडण्या आहेत. त्यातल्या एकीवर रद्दी आहे. दिसेलच तुम्हाला.”

हे वाक्य पुढे त्यांना बरेच दिवस आठवत राहिलं.

त्यांनी स्वतः उठून दाखवायला हवं होतं, पण तेवढ्यात कोणीतरी शब्दकोश मागितला. तो देऊन ते खिडकीशी आले तेव्हा बाई अंगणात उकिडव्या बसून टोप्या करत होत्या. एक कागद, तीन घड्या, एक पीळ. टाचणी नाही, खळ नाही. टोपी रोपावर बसवायची, कडेनं बोटांनी माती दाबायची, पुढचं रोप. शेजारी वाचत बसलेल्या माणसानं पान उलटायच्या आत एक टोपी होत होती. ग्रंथपाल मनातल्या मनात मोजत राहिले. ऊन कलायच्या आत बारा ओळी, दर ओळीला पंधरा, अशा एकशेऐंशी टोप्या अंगणात बसल्या होत्या. जणू शाळा भरली होती आणि मास्तर यायचे होते.

“वा!” ग्रंथपाल खिडकीतूनच म्हणाले. त्यांच्या मानानं हे भाषणच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला ते आले तेव्हा कुंपणाच्या गवतावर पांढरी साय धरली होती. तोंडातून वाफा निघत होत्या. टोप्या मात्र जागच्या जागी ताठ. ग्रंथपाल कौतुकानं पहिल्या टोपीपाशी वाकले. टोपीवर एका सायकलची जाहिरात होती. सायकलवर बसलेल्या गृहस्थांनी हॅट घातली होती. ग्रंथपालांना हॅट खटकली. मग त्यांना अक्षरांचं वळण खटकलं. मग त्यांनी वरची तारीख पाहिली, आणि गुडघ्यांतला संधिवात विसरून ते मागच्या खोलीकडे धावले.

डावीकडच्या मांडणीवर रद्दी सुखरूप होती. उजवीकडच्या मांडणीवरचा, वाचनालयाच्या जन्मापासून जपलेला, पासष्ट वर्षांपूर्वीच्या वर्तमानपत्रांचा सहा महिने आणि एका दिवसाचा गठ्ठा नव्हता.

“बाई,” ते परत येऊन म्हणाले, “तुम्ही कागद कोणत्या मांडणीवरचे घेतले?”

“उजवीकडचे. ते फाटके, पिवळे, सुतळ्या सुटलेले होते ना, ते.” बाई टोपीची माती पुन्हा दाबत होत्या. “डावीकडचे तुम्ही किती नीट बांधलेत, वर चिठ्ठ्या लावल्यात, म्हटलं हे सरांच्या कामाचे असणार. त्यांना बोटसुद्धा नाही लावलं.”

 ग्रंथपालांनी दोष द्यायचा कोणाला? रद्दीवाला येईपर्यंत रद्दीचीही आबाळ होऊ नये म्हणून ते तिला तारीखवार लावत, फीत बांधत, चिठ्ठी डकवत. आणि जुन्या गठ्ठ्याच्या बांधणीसाठी कार्यकारिणीकडे नऊ वर्षं अर्ज करत होते. बघणाऱ्यानं जे पाहिलं त्यात काही चूक नव्हती.

“ती... ती रद्दी नव्हती हो.”

बाईंचे हात थांबले. त्यांनी टोप्यांकडे पाहिलं, मग ग्रंथपालांकडे. चेहरा एवढासा झाला. “मग काढू का? सांगा सर. तुमची वस्तू आहे.”

“काढल्या तर?”

“या गारठ्यात उघडी पडली तर तासाभरात काळी होतील.”

“आणि नाही काढल्या तर?”

“नऊला ऊन येतं इथे. मग हलकेच काढता येतील.”

ग्रंथपालांनी आयुष्यात फारसे निर्णय घेतलेले नव्हते. नोकरी वडिलांनी लावली, लग्न मामांनी ठरवलं, चष्म्याची फ्रेम दुकानदारानं निवडली. ते दोन वेळा खाकरले. “नऊ वाजता,” ते म्हणाले, आणि आपलाच आवाज ऐकून दचकले.

आठ वाजता चिटणिसांची गाडी फाटकात शिरली. मागच्या दारातून अध्यक्षाबाई उतरल्या. वय ऐंशीच्या घरात, काठी होती पण ती टेकण्यापेक्षा दाखवण्यासाठी जास्त वापरत.

“ग्रंथपाल! बरं झालं भेटलात,” चिटणीस हात चोळत म्हणाले. “आज बैठकीत एक छोटासा समारंभ करायचाय. आपल्या अध्यक्षाबाई शाळेत असताना शंभर यार्डांच्या शर्यतीत पहिल्या आल्या होत्या. पेपरात फोटो आला होता, माहितीये? यांच्या नातीनं सांगितलं मला. पाच मार्चचा अंक. तो काढा, चौकटीत बसवून वाचनालयात लावू!”

“अहो, कशाला उगाच,” अध्यक्षाबाई म्हणाल्या. “जुनी गोष्ट. मी गाडीतही सांगितलं तुम्हाला.”

“हाच तुमचा मोठेपणा!” चिटणीस म्हणाले. “चला, फाईल दाखवा.”

ग्रंथपालांनी चष्मा पुसला. “ती फाईल सध्या बाहेर आहे.”

“बाहेर? कोणी नेलीय?”

“नेलेली नाही. बाहेर आहे.” आणि त्यांनी अंगणाकडे बोट केलं.

चिटणीस टोप्यांकडे बघत राहिले. मग एकीपाशी जाऊन वाकले. सरळ झाले तेव्हा त्यांच्या मानेपर्यंत लाली चढली होती. “हे वर्तमानपत्र आहे? आपलं? वाचनालयाची ठेव घालून तुम्ही माती झाकलीत?”

“माती नाही,” बाई म्हणाल्या. “रोपं.”

“उचला! सगळ्या टोप्या उचला आधी!”

“नऊ वाजता.”

“मी चिटणीस आहे इथला!”

“असाल ना. पण थंडीला ते कुठे माहितीये?”

ग्रंथपालांना वाटलं, संपलं. बैठकीपर्यंत थांबायचीही गरज नाही. चिटणीस पहिल्या टोपीकडे हात नेणार इतक्यात अध्यक्षाबाईंची काठी मध्ये आली.

“बरोबर बोलतायत त्या. गारठा किती आहे बघा. कोवळी रोपं ती. नऊ कशाला, साडेनऊ वाजू द्या. दहा वाजले तरी माझं काही म्हणणं नाही.”

ग्रंथपाल बघतच राहिले. इतक्या वर्षांत अध्यक्षाबाईंना झाडापानांची एवढी माया असेल हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मग अंगणात खुर्च्या आल्या. वाचकही एकेक करून येऊ लागले. पेन्शनर स्वेटर, मफलर आणि कानटोपीत आले, बाईंना त्यांनी लांबूनच हात जोडले आणि आत जायच्याऐवजी पहिल्या ओळीपाशी गुडघे वाकवून बसले.

“अरे वा! ‘दाढीचा साबण, एकदा वापराल तर...’ ” ते टोपीभोवती फिरले. “ ‘...शेजारीही विचारतील.’ काय लिहायचे हो पूर्वी!”

“इकडे या,” दुसऱ्या टोकाकडून कोणीतरी हाकारलं, “इथे एका नवरदेवाच्या घोड्यानं त्याला थेट जुन्या प्रेयसीच्या दारात नेलंय. पुढचं कुठे आहे?”

“पुढच्या रोपावर असेल. पुढचा दिवस ना तो.”

बातमी टोपीला वळसा घालून जात असल्यामुळे वाचणाऱ्यालाही वळसा घालावा लागे. थोड्याच वेळात अंगणभर प्रतिष्ठित माणसं ओणवी होऊन गोल गोल फिरत होती. वाचनालयाच्या आत कोणी नव्हतं. गेल्या अकरा वर्षांत त्या गठ्ठ्याची सुतळी सोडायला कोणी सांगितलं नव्हतं, हे ग्रंथपालांना आठवलं, आणि या संकटातही त्यांच्या पोटात कुठेतरी गुदगुली झाली.

चिटणिसांना मात्र गुदगुल्या होत नव्हत्या. ते स्वतःच पाच मार्च शोधायला ओळींत शिरले.

“ओळीत पाय नका ठेवू,” बाई खराटा आडवा धरून म्हणाल्या. “कोणता दिवस हवाय तो सांगा.”

“पाच मार्च! या पसाऱ्यात सापडणार आहे का?”

“पसारा नाही हो. गठ्ठा तारखेनं होता, तशाच टोप्या घातल्यात. फाटकापासून एक जानेवारी. एक रोप, एक दिवस.”

ग्रंथपालांचे ओठ हलू लागले. जानेवारीचे एकतीस, फेब्रुवारीचे अठ्ठावीस, वर पाच. “चौसष्टावं रोप. पाचवी ओळ, चौथं.”

“दुसरं,” बाई म्हणाल्या.

“नाही बाई, साठ आणि चार...”

“सोळा आणि सतरा जानेवारी उंदरांनी खाल्लेत, सर. टोपी होण्यासारखे नव्हते. बाजूला काढून ठेवलेत मी.”

 ज्या गठ्ठ्यावर ग्रंथपाल जीव टाकत होते त्यातले दोन दिवस नाहीसे झाल्याचा त्यांना पत्ता नव्हता. ज्यांनी त्याच्या टोप्या केल्या त्यांना होता. त्यांनी खिशातून पेन काढून तळहातावर दोन्ही तारखा लिहून घेतल्या.

“इतकं नेमकं सांगता येतं?” अध्यक्षाबाईंनी खोल गेलेल्या आवाजात विचारलं. त्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या पदर सारखा केला आणि समोरच्या इमारतीआडच्या सूर्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की त्यानं आजचा दिवस येऊ नये.

सूर्य आला. नऊला दोन मिनिटं असताना तो समोरच्या इमारतीवरून डोकावला आणि वीस मिनिटांत पेन्शनरांनी कानटोपी, मफलर आणि स्वेटर या क्रमानं काढून हातावर घेतले. वाऱ्याचं नाव नव्हतं. थोड्या वेळापूर्वी कुडकुडणारी माणसं सावली शोधू लागली.

“आता काढा!” चिटणीस म्हणाले.

“एकदम नाही. गारठ्यातून थेट या उन्हात आली तर भाजतील.” बाई पहिल्या रोपापाशी बसल्या. “आधी वरची टोकं फाडायची, आतली वाफ जाऊ द्यायची. मग तासाभरानं टोपी काढायची.”

“फाडायची?” ग्रंथपालांचा हात टोपीकडे गेला.

“टोकं फक्त, सर. बोटाच्या पेराएवढी.”

पुस्तकाच्या पानाचा कोपरा दुमडणाऱ्या वाचकाशी ग्रंथपाल महिनाभर बोलत नसत. चर्र, पहिलं टोक गेलं. चर्र, दुसरं. ग्रंथपालांनी एकदा टोपीकडे पाहिलं आणि एकदा वरच्या भोकातून दिसणाऱ्या दोन हिरव्यागार पानांकडे. पानांवर एक डाग नव्हता. बाईंच्या हाताला घाई नव्हती आणि थांबणंही नव्हतं. मग ते आत गेले, एक मोठं पाकीट घेऊन आले आणि बाईंच्या मागोमाग चालत, फाटलेलं प्रत्येक टोक उचलून, त्यावर बारीक अक्षरात तारीख घालून पाकिटात टाकू लागले.

चार ओळी झाल्या. पाचवीशी येताच चिटणीस म्हणाले, “थांबा, मी चष्मा आणतो गाडीतून. फोटो नीट बघायला हवा.”

ते वळले मात्र, आणि अध्यक्षाबाई अशा चपळाईनं उठल्या की शंभर यार्डांबद्दल कोणाला शंका उरू नये. पाचव्या ओळीतल्या दुसऱ्या रोपापाशी त्या वाकल्या. त्यांच्या खांद्यावरून ग्रंथपालांनीही वाचलं, कारण समोर छापील मजकूर असला की त्यांचा स्वतःवर ताबा राहत नसे.

टोपीच्या अंगावर छायाचित्र होतं. एक मुलगी छाती पुढे काढून फीत तोडत होती. तिच्या मागे, हाताच्या अंतरावर, दोन वेण्यांची एक किडकिडीत मुलगी तोंड उघडं टाकून जिवाच्या आकांतानं धावत होती. निकालाच्या ओळी टोपीला वळसे घेत टोकाकडे चढत होत्या. पहिली म्हणून कोणा भलत्याच मुलीचं नाव होतं. अध्यक्षाबाईंचं नाव त्याच्या खालच्या ओळीत होतं, दुसरी म्हणून.

“हातभराचंच अंतर होतं हो,” अध्यक्षाबाई हळूच म्हणाल्या. ऐंशी वर्षांचा तो आवाज एकदम चौदा वर्षांचा झाला होता. “आणि तिच्या पायात बूट होते. मी अनवाणी.”

त्यांनी काठीवर दोन्ही हात ठेवले.

“नात लहान होती. जेवत नव्हती. तिला गोष्ट सांगता सांगता पहिली म्हणून गेले. ती इतकी खूश झाली, की मग मागे घेववेना. आता ती सगळ्या जगाला सांगत सुटते.”

गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला. वाळूवर चिटणिसांचे बूट करकरू लागले.

बाईंनी अध्यक्षाबाईंकडे पाहिलं नाही, फाटकाकडेही पाहिलं नाही. त्यांनी रोपाकडे पाहिलं, पदराला बोटं पुसली आणि टोपीचं टोक धरलं. चर्र. पहिल्या नावाची ओळ गेली. बोटाच्या पेराएवढं, नेमानं जेवढं फाडायचं तेवढंच. दुसरीची ओळ मात्र तशीच राहिली, उन्हात स्पष्ट.

बूट चौथ्या ओळीपाशी आले.

“बाई,” ग्रंथपाल म्हणाले. “अजून थोडं फाडा. या रोपाला... वाफ जास्त धरलीये.”

बाईंनी त्यांच्याकडे एकदाच पाहिलं. “दिसतंय खरं,” त्या म्हणाल्या, आणि चर्र!

चिटणीस चष्मा लावून वाकले. “वा, वा! काय फोटो आहे! नावं कुठे गेली? वाफेत? असू दे. ही फीत तोडणारी तुम्हीच ना?”

“ही,” अध्यक्षाबाईंनी दोन वेण्यांच्या मुलीवर काठीचं टोक ठेवलं.

“ही? पण ही तर मागे आहे.”

“मागे कुठे आहे? फोटो तिरका काढलाय.”

चिटणिसांनी मान डावीकडे कलती करून पाहिलं, मग उजवीकडे. अध्यक्षाबाई बघत होत्या. “हो की,” ते म्हणाले. “तिरकाच आहे. काढू का मग टोपी? चौकटवाला बाराला येतोय.”

“त्या रोपाला धक्का लावाल तर खबरदार!” काठी वर झाली. “आधी रोप, मग फोटो. आणि चौकटबिकट काही नको. पान गेलं तसं गठ्ठ्यात परत जाईल. बांधणी करून घ्या त्या गठ्ठ्याची, किती वर्षं अर्ज करतायत हे. आणि हो, संध्याकाळच्या बैठकीतला पहिला विषय काढून टाका.”

“फरशीचा? पण गाड्या...”

“चालत या. मी येत जाईन.”

साडेदहा वाजता टोप्या निघाल्या. खाली एकशेऐंशीपैकी एकशेऐंशी झिनिया उभ्या होत्या, कान टवकारल्यासारखी दोन दोन पानं उघडून. वाचकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंना टाळ्यांचं काय करायचं ते कळेना, म्हणून त्या झारी भरायला निघून गेल्या. घोड्याच्या बातमीत गुंतलेले दोघे मात्र नाराज होते. त्यांना आत बसवून गठ्ठ्यातून पुढचं काढून द्यावं लागलं.

ग्रंथपालांनी दुपारभर एकेक पान सपाट केलं, टोकं जुळवली, चिकटवली. पाकिटात एकशेएकोणऐंशी टोकं होती. मग त्यांनी वाचनालयाची फाटक्या-हरवल्या पानांची दोषनोंदवही उघडली. आयुष्यात तिच्यात त्यांनी एकही खोटी नोंद केली नव्हती, आणि आता करायचीही त्यांची इच्छा नव्हती. बराच वेळ पेन हवेत धरून ते खिडकीतून बघत राहिले. बाहेर बाई पाचव्या ओळीत मातीत हात खुपसून बसल्या होत्या आणि पुन्हा ढग भरून येत होते.

शेवटी त्यांनी लिहिलं: ‘पाच मार्च. निकालाचा भाग गहाळ. कारण: हवामान.’